कागदाखालचं नाव

१२ ऑक्टो., रवि. हैदराबाद

चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात निळ्या फुलांचा कागद लावला. आख्खी भिंत. बाई आली, बघितलं, म्हणाली रंग अंगावर येतो, काढा. परवा हिनंच निवडलेला. ठेकेदार माझ्यावरच ओरडला. का, तर मी हसलो म्हणून. हसलो नव्हतो. तोंडच तसं आहे.

जेवताना मामाचा फोन, शेवगावहून. आईचा भाऊ म्हणून ऐकून घेतो, नाहीतर...

"नितीन, दिवाळीला येतोस न्हवं? पहिलं काम, ओसरीवरचा तो कागद काढ. भाऊबीज झाली की संगमनेरकडचे येत्यात. पोरीला न्यायला. भिंतीवरचं नाव दिसलं पाह्यजे त्यास्नी."

म्हटलं, ताईला विचारलं का?

"तिला काय इचारायचं? दोन वर्सं झाली घरी बसलीया."

घरी बसलीया म्हणे. अर्ध्या गावाचे ब्लाऊज शिवते ती. मशीनवर बसून शिवते, तेवढंच ते बसणं.

फोन कट केला. भात तसाच राहिला.

१३ ऑक्टो., सोम.

निळी फुलं काढली. नवा कागद सरळ निघतो. जुना झाला की भिंत घेऊन येतो. आमचा ओसरीवरचा दोन वर्षांचा. त्याच्या खाली चुना, चुन्यावर ऑइलपेंट.

ते पेंट माझंच. नववी सोडली आणि बापू पेंटरच्या हाताखाली लागलो, त्याच वर्षी ताईचं लग्न. बापू म्हणाला, बहिणीची भिंत तूच कर. दोन बाजूला केळी, वर कलश, एक हत्ती, मधे नावं. चि. सौ. कां. रूपाली. खाली चि. सं. (नवऱ्याचं पूर्ण नाव या वहीत लिहिणार नाही. सं. पुरे.) माझी पहिली भिंत. मांडवात मामा मोठ्यानं म्हणाला, "म्हैस झ्याक काढली रं!" लग्नभर म्हैस म्हैस. ताई एकटी म्हणाली, मला तर हत्तीच दिसतो.

पाच वर्षांनी ती परत आली. एक पिशवी आणि डाव्या कानात कापूस. सं.नं कानाखाली मारली त्याचा. त्या कानानं अजून ऐकू येत नाही. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडून.

तेव्हाच म्हटलं होतं, नाव खरवडून टाकतो. आईनं मनगट धरलं. लग्नाचं नाव हातानं पुसत नसतात. उन्हापावसानं जाईल तेव्हा जाऊ द्यायचं. ओसरीला कसलं ऊन आणि कसला पाऊस? वर पत्रा आहे. मी म्हातारा होईन, ते नाव तसंच राहील. मग आईच म्हणाली, "झाक तरी ते. येताजाता डोळ्यापुढं नको." साईटवरून उरलेला विटांच्या डिझाइनचा रोल नेला होता. तो लावला. दगडमातीच्या भिंतीवर कागदाच्या विटा. लोक बोट लावून बघायचे, खऱ्या आहेत का म्हणून.

म्हणजे लिहिलं मी, झाकलं मी, आता उघडं पण मीच करायचं. मी काय यांचा पडदा ओढणारा?

१६ ऑक्टो., गुरु. घरी

बस, बस, परत बस. कंबर गेली. आई म्हणाली, "वाळलास." दर वेळी म्हणते.

कागदाचं कारण आता कळलं. मामानं फोनवर सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी सं.चा चुलता गावात मयतीला आलेला. आमच्या ओसरीवर पाणी प्याला, भिंत बघितली, जाऊन तिकडं सांगितलं. तेव्हापासून त्यांचं एकच तुणतुणं. "आमी कुठं सोडली? तिच्या माह्यरच्यांनीच नाव झाकलं." कानाचं कुणी काढत नाही. कागदाचं काढतात.

आईला तेच टोचलंय. "नितीन, येवडा बट्टा काढून टाक. आपुन नाव झाकलं असं नको व्हायला."

ताई मशीनवर होती. विचारलं, कागद काढू का? मान वर नाही. डावीकडून विचारलं होतं. उजवीकडं गेलो.

"काढ."

"तुला जायचंय का पण तिकडं?"

"कागद काढ म्हणलं न्हवं."

पुढं नुसती मशीन. खाटखाटखाट. राग असा आला की त्या मशीनचा पट्टाच उपटून...

१७ ऑक्टो., शुक्र.

साबणाचं कोमट पाणी, फडकं, खरवडायची पत्ती. हैदराबादला याच्यावर दोन तासांत खोली साफ करतो. इथं सकाळ गेली. वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा निघाला, खालचा लगदा चुन्याला धरून बसलेला. यंदाच्या पावसानं भिंत ओली, आत बुरशी, काळे ठिपके. जोर केला की चुन्याचा पोपडा हातात. दोन शिव्या दिल्या. आई आतून, "सणासुदीचं तोंड आवर."

दुपारी ताई उठली. हातात इस्त्री.

"सरक तिकडं. तुला ताकद लावायचीच सवय."

ओलं फडकं कागदावर ठेवलं, वरून इस्त्री फिरवली. वाफ. डिंक मऊ पडला. मग कोपरा धरून हळू, भिंतीलगत, खाली ओढत नेला. चुन्याला धक्का नाही. माझा सात वर्षांचा धंदा, आणि हिनं ब्लाऊजच्या इस्त्रीनं शिकवलं.

ती इस्त्री फिरवी, मी ओढी. बुरशीचा आणि जळक्या डिंकाचा वास. चारच्या सुमाराला राखाडी काहीतरी दिसलं. सोंड.

"म्हैस आली बग," ताई म्हणाली.

हसलो दोघं. ती खोकेपर्यंत हसली. आई दारात येऊन बघून गेली. बरं वाटलं असेल तिला. तिला वाटलं असेल, पोरगी जायला राजी आहे.

मला पण तेच वाटलं. हसणं तिथंच संपलं.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी

केळी निघाली. कलश निघाला. ताईचं नाव जसंच्या तसं. लाल ऑइलपेंट, पिवळी सावली. कुठं तडा नाही. १६ वर्षांच्या पोराचा हात, पण रेघ बरी होती.

आई बाजारात. ताई आत चहा ठेवायला. शेवटची पट्टी मी एकट्यानं ओढली आणि त्याचं नाव समोर. काल लिहिल्यासारखं चकचकीत. दोन वर्षं माझ्याच कागदाखाली सुखात झोपलेलं. तिचा कान गेला आणि याच्या अक्षराचा टवकासुद्धा उडाला नाही.

पुढचं नीट आठवत नाही. पत्ती हातातच होती. पहिलं अक्षर गेलं. दुसरं अर्धं. खालची माती दिसायला लागली.

ताई चहा घेऊन उभी. कप खाली ठेवला. सावकाश.

"कुनी सांगितलं तुला?"

"तुझ्यासाठीच करतोय."

"माझ्यासाठी! लगीन बी माझ्यासाठीच केलं हुतं समद्यांनी."

पत्ती खाली ठेवली.

"आईनं न इचारता झाकायला लावलं. मामानं न इचारता काढायला सांगितलं. आन तू न इचारता पुसतुयास. भिंत कुनाची बी असंल रं, लगीन कुनाचं हाय ते?"

एवढं बोलून मशीनवर जाऊन बसली. माझ्याकडं डावा कान करून.

चहा प्यालो नाही. ती पण प्याली नाही.

१९ ऑक्टो., रवि.

आईनं बघितलं. कपाळाला हात. "हातानं पुसलं रं तू." दिवसभर तेवढंच एक वाक्य. मामाला कुणी सांगितलं देव जाणे. फोनवर कान फाटेस्तोवर. "अक्कल गहान ठेवलीस का हैदराबादला? पाव्हनं शनिवारी येत्यात. लिव परत, हुतं तसं लिव!"

म्हटलं, तुमी या आणि लिहा. तुमचं अक्षर लई चांगलं आहे म्हणे.

पिशवी भरली. बसस्टँडपर्यंत गेलो. चहाच्या टपरीवर बापू पेंटर भेटला. हात थरथरतात आता, धंदा बंद. फ्लेक्सनं खाल्ला तसाही. म्हणाला, "ताईची भिंत अजून हाय का रं?" म्हटलं, आहे. "हत्तीला सुपाएवढे कान काढायला सांगितलं हुतं तुला. काढले न्हाईस, म्हून म्हैस झाली."

घरी आलो. गेलो असतो तर बरं झालं असतं का, ते...

२२ ऑक्टो., बुध. पाडवा

लक्ष्मीपूजन झालं. ताईनं रांगोळी काढली. माझ्याशी कामापुरतं. "पाट दे." "तेल आन."

आज पाडवा. गल्लीतल्या बायका नवऱ्याला ओवाळत होत्या. शेजारची ताट घेऊन मुद्दाम आमच्या दारावरून गेली. "रूपाली, पुढच्या पाडव्याला तू बी तिकडंच गं!" ताई म्हणाली, "तुमचा ब्लाऊज झालाय काकू, बाही मोठी झाली असंल तर तवाच सांगा." शेजारीण गेली. दिवसभर मशीन. पाडव्याला कोण शिवतं? ही शिवते.

भिंत तशीच. केळी, कलश, हत्ती, ताई. खाली भगदाड.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

पाटावर बसलो. तिनं ओवाळलं. करदोडा दिला. साडी आणली होती हैदराबादहून, ती ताटात ठेवायला गेलो तर हात आडवा.

"साडी घेते. पन ओवाळणी दुसरी पाह्यजे."

"काय?"

"नाव लिव."

डोक्यात सणक. पाटावरून उठणारच होतो. आई बघत होती म्हणून नाही उठलो. मनात म्हटलं, जा, जा परत, दुसरा कान पण दे त्याला. देवाची शपथ, तोंडातून निघालं नाही. नशीब.

आई पाणी आणायला गेली. तेवढ्यात ताई खाली वाकली.

"गेरूनं लिव. ऑइलनं नको."

बघत राहिलो. गेरू पाण्यात कालवायचा, कुंडीला लावायचा. भिंतीवर लावला तर ओल्या फडक्याच्या एका हातात साफ.

"मला ते माझ्या हातानं पुसायचंय. समद्यांच्या पुढ्यात. आन पुसू वाटलं न्हाई तर ठिवायचं. दोन्ही माझ्याच हातात पाह्यजे. समजलं?"

समजलं. अर्धंच समजलं. "ठिवायचं" कशाला, ते नाही समजलं. विचारलं नाही. या वेळी तरी नाही विचारलं.

दुपारी खड्डा चिकणमातीनं भरला, वर चुना मारला. वाळेपर्यंत थांबलो. गेरू कालवला, थोडी हळद. रंग ऑइलसारखा दिसला पाहिजे. आणि मग लिहिलं. पूर्ण लिहावं लागलं. चि. संदीप. या वहीत पण आज लिहितो, आता कशाला लपवू.

हात थरथरला नाही याचाच राग आला. पहिल्यापेक्षा चांगलं आलं.

आईनं दोन्ही नावांना हळदकुंकू लावलं. डोळे पुसले. मी बाहेर गेलो.

२५ ऑक्टो., शनि.

आले. चारचाकी. तिचा सासरा, संदीप, आणि पुढं मामा, वरमाईसारखा.

सासरा ओसरीवर चढला आणि पहिली नजर भिंतीवर. "हां! आत्ता कसं. नाव हाय तर घर हाय." मामा माझ्या पाठीवर थाप मारून, "आमचा भाचा, मोठमोठे बंगले करतो हैदराबादला." रविवारी अक्कल काढत होता.

सासरा म्हणाला, "ही म्हैस हाय का हत्ती?" सगळे हसले. संदीप पण. ते हसणं बघितलं आणि मुठी खिशात घातल्या. बादली मी सकाळीच भरून भिंतीखाली ठेवली होती. फडकं काठावर. कुणाचं लक्ष नाही. माझं तेवढ्यावरच.

ताई चहा घेऊन आली. दिला. बसली ती सासऱ्याच्या उजव्या हाताला, डावा कान त्याच्याकडं. मी ओळखलं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात नाही.

सासरा बोलत राहिला. पोरीनं कसं नांदावं. घर कसं रिकामं वाटतं. गाय व्यालीय, दूध डेअरीला घालायला माणूस नाही. (हे बोलला. खरंच बोलला.) झालं गेलं विसरायचं असतं. ताई भिंतीकडं बघत बसलेली. शेवटी तो म्हणाला, "मग काय म्हनतीस, पोरी?"

ताई वळली. "काय म्हणला मामंजी? डाव्या अंगाला ऐकू येत न्हाई मला. कशानं ते तुमच्या पोराला इचारा."

मामा चहात बघायला लागला. आई दाराला धरून.

"पोरी, जुनं उकरू न्हाई," मामा.

"जुनं कुठंय मामा? ऐकू आज येत न्हाई."

संदीप कप फिरवत होता. बशीत चहा सांडला, सतरंजीवर गेला. ताई उठली. बादलीपाशी गेली. फडकं बुडवलं, पिळलं. आता. आता पुस.

तिनं सांडलेला चहा पुसला. संदीपच्या पायापाशी बसून, नीट, घडी करून. मग परत गेली, फडकं धुतलं, आणि नावाच्या शेजारच्या खिळ्याला अडकवलं.

"तू एकटा ये," त्याला म्हणाली. अहो नाही, जाहो नाही. "बाप नको, मामा नको. ह्या भिंतीपुढं उभा ऱ्हा आन काय केलं ते तुझ्या तोंडानं सांग. मग मी ठरवीन."

सासरा उठला. "बाईमानसानं अटी घालायच्या? तुळशीच्या लग्नापतूर काय ते कळवा. न्हाईतर आमी मोकळं." गाडी गेली. मामा पण त्यातच बसून गेला, तोंडातल्या तोंडात बडबडत.

गाडी वळली आणि मी ताईवर फुटलो. का नाही पुसलंस? समोर होता तो! फडकं हातात होतं!

"तुझी घाई तुझ्यापाशी ठिव, नित्या."

"ओवाळणी काय हत्तीच्या शोभेला मागितलीस?"

"ओवाळणी दिलीस न्हवं? मग ती माझी."

शेतात जाऊन बसलो. रागावू तरी कुणावर? संदीपवर आहेच. पण तिच्यावर येतो तो वेगळा. तिला राग येत का नाही याचा तो राग. का तिचा माझ्यासारखा दिसत नाही एवढंच.

२७ ऑक्टो., सोम. निघताना

आई डबा बांधत होती. म्हणाली, "गेरू हाय व्हय रं ते?"

मी पिशवीची चेन ओढत राहिलो.

"मला गेरू कळत न्हाई? तुळशीला दर साली मीच लावते. हळदकुंकू लावतानाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? लग्नाचं नाव हातानं पुसायचं नसतं ना?"

आईनं डब्याला गाठ मारली. एक, दोन. "फडक्यानं पुसायचं न्हाई आसं कुनी सांगितलं न्हाई मला."

आणि जाऊन बादलीतलं शिळं पाणी ओतलं, ताजं भरलं. हिला आयुष्यभर ओळखतो असं वाटत होतं.

ताईनं दारातून हात केला. म्हटलं, काय ते कर एकदाचं. म्हणाली, डब्यात चटणी सांडंल, सरळ धर.

३० ऑक्टो., गुरु. हैदराबाद

त्याच फ्लॅटात. आता राखाडी कागद, सोनेरी रेघा. बाई म्हणते, छान. ठेकेदार म्हणतो, घाई कर. लावताना एक कोपरा दुमडला, उपटला, परत लावला. तीनदा. डोकं ठिकाणावर नाही. बरोबरचा म्हणाला, क्या हुआ भाई, घर पे किसी का झगड़ा? म्हटलं, दीवार का.

घरी फोन लावला. आई म्हणाली, ताई बाजारात गेलीय, अस्तर आणायला. नावाचं विचारणार होतो. नाही विचारलं.

४ नोव्हें., मंगळ.

काल ताईचा फोन यायला पाहिजे होता. आला नाही. परवा तुळशीचं लग्न झालं, म्हणजे त्यांची मुदत संपली. आज दुपारी मीच लावला. शिडीवरून.

"आल्ता," ताई म्हणाली.

"कोण?"

"कोन म्हंजे? रविवारी. एकटाच, यष्टीनं."

शिडीवरून उतरलो. "काय बोलला?"

"कायच न्हाई. भिंतीपुढं उभा ऱ्हायला. लई येळ. मी मशीनवर हुते, आई दिवा लावत हुती. मग त्यानं नावावर बोट ठिवलं. बोटाला लाल आलं. बोट बगितलं, मग माझ्याकडं बगितलं."

"मग?"

"मग कळलं त्याला, कवाबी पुसता येतंय ते."

"अगं पण बोलला काय?"

"म्हणला, परत येतो. बोट तसंच घेऊन गेला. धुतलं बी न्हाई."

ओरडलो. फ्लॅटात आवाज घुमला. बरोबरचा दारातून डोकावला. दोन वर्षं! दोन वर्षांत कानाचं एक वाक्य येत नाही त्याच्या तोंडातून, आणि तू वाट बघतेस? पुस ताई, आज पुस, आत्ता पुस, मी फोन धरतो.

तिनं ऐकून घेतलं. उजव्या कानाला फोन होता, सगळं ऐकलं असणार.

"झालं?"

फोन दुसऱ्या हातात घेतला.

"नित्या, कागद काढताना तू कसा ओढत हुतास आठवतं? पोपडं पाडत हुतास नुस्तं."

मागं मशीन सुरू झाली. बोलता बोलता शिवते ती, पाय थांबत नाही.

विचारलं, "नाव आहे अजून?"

"हाय. पयल्या अक्षरावर त्याच्या बोटाएवढं पुसलंय."

"आणि फडकं?"

"खिळ्याला. आई रोज ओलं करती."